ताप उतरल्यावर

डेंग्यूचा एक स्वभाव डॉक्टर पहिल्याच दिवशी सांगतात आणि घरात कोणी तो मनावर घेत नाही. ताप चढलेला असतो तोवर धोका त्या मानाने कमी. ताप उतरला की पुढचे 24 ते 48 तास मात्र डोळ्यांत तेल घालून काढायचे. रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं, प्लेटलेट तळ गाठतात, ते साधारण याच सुमाराला. आणि नेमकी तेव्हाच रोग्याला हुशारी वाटू लागते. कोणी किवी घेऊन येतं, कोणी पपईच्या पानांचा रस, आणि सगळे म्हणतात, "चला, सुटलात!"

दुखण्यातून उठून पळायला लागलं की हीच गोष्ट पुन्हा घडते. फक्त तेव्हा तासांऐवजी आठवडे मोजायचे असतात.

मी उठलो तेव्हा ऑक्टोबर सरत आला होता आणि मुंबईच्या हाफ मॅरेथॉनची फी भरून झाली होती. जिना चढताना कठड्याचा आधार लागत होता. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ईसीजी काढला आणि म्हणाले, "चाला. पळायचं मग बघू." कारण हा विषाणू क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो, आणि तशा सुजेवर पळणं जिवावर बेतू शकतं.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर चालायला जाणं ही पळणाऱ्याला मोठी शिक्षा. तिथे चालणारे आणि पळणारे अशा दोन जाती आहेत, आणि रोटीव्यवहार फक्त खाली उतरल्यावर चहाच्या टपरीवर होतो. एक आजोबा कुत्र्यांसाठी घेतलेली काठी टेकत मला मागे टाकून पुढे गेले. वर वळून म्हणाले, "काय हो, आज आमच्यात?" गवत पिवळं पडलं होतं, पायाखाली सुटे खडे घसरत होते आणि माझं सगळं लक्ष धापेकडे. शेजाऱ्याशी एक पुरं वाक्य न तोडता बोलता येतं का, हीच परीक्षा. शेजारी कोणी नसेल तर मी रामरक्षा म्हणतो. श्लोक मधेच तुटला की चालायचं.

पुढे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं सुरू केलं. जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने ही पद्धत लोकप्रिय केली, आणि तो स्वतः 1972 च्या ऑलिंपिक संघात होता. त्यामुळे मधे चालणं हे कच्च्यांचं काम, असं निदान त्याच्यासमोर तरी कोणी म्हणू नये.

आता खरी मेख. अंथरुणावर पडून राहिलं की सगळ्यात आधी आटतो तो रक्तातला द्रव. म्हणून पूर्वीच्याच वेगाला नाडी कितीतरी जास्त पडते. माझी सकाळची नाडी एरवी 54 असायची, ती बरेच दिवस साठीच्या खाली यायला तयार नव्हती. पण हा द्रव लवकर भरून निघतो. छाती मोकळी होते, दम पुरतो, एखाद्या थंड सकाळी पाय आपोआप उचलले जातात आणि वाटतं, आलो परत. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना मात्र रक्तपुरवठाच कमी, त्या सावकाश बळावतात. दम परतलेला आणि टाच, नडगी अजून मागे, असे ते आठवडे असतात. माझ्या ओळखीतले बहुतेक जण अशक्तपणात नव्हे, अशा हुशारीच्या दिवसांत लंगडले. म्हणून तेव्हा मी वेग वाढवत नाही. अंतर वाढवतो, तेही चोरपावलाने.

या दिवसांत कोणीतरी झाटोपेकची गोष्ट हमखास पाठवतो. धावपटू एमिल झाटोपेक 1950 साली अन्नविषबाधेने रुग्णालयात होता. तिथून उठून तो थोड्याच दिवसांत ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेला गेला आणि 5,000 आणि 10,000 मीटर दोन्ही जिंकला. गोष्ट खरी आहे, आणि माझ्या मते आपल्यासारख्या नोकरदार धावकांचं तिने नुकसानच केलंय. याच माणसाने दोन वर्षांनी हेलसिंकीत मॅरेथॉनसकट तीन सुवर्णपदकं घेतली. त्याचा अपवाद आपण नियम म्हणून वाचतो.

जानेवारीत माहीमच्या रेतीबंदरहून अंधारात निघालो. घड्याळ घरी ठेवलं होतं. सी लिंकवर वारा अंगावर घेत रामरक्षा शाबूत राहिली. पेडर रोडचा चढ आला तेव्हा ती तुटली आणि मी चालू लागलो. हातात संत्र्याच्या फोडी कोंबणाऱ्या एका बाई ओरडल्या, "अरे, पळ ना! थोडंच राहिलंय!" मी फोड खाल्ली आणि चालतच राहिलो. माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा बराच उशिरा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचलो. दुसऱ्या दिवशी काही दुखलं नाही.

पुण्यात डेंग्यू पावसाळा सरता सरता जोर धरतो आणि मुंबईची शर्यत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. त्यामुळे दर दिवाळीला कोणाचा तरी फोन येतोच: "फी भरलीय, पळू का?" छातीत दुखत असेल, धडधडत असेल, भोवळ येत असेल तर आधी डॉक्टर, बूट नंतर. तसं काही नसेल तरी डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. श्लोक तुटत असेल तर नाव मागे घ्या. फी बुडते, बुडू द्या. शर्यत पुढच्या जानेवारीतही आहे.