समुद्राच्या रंगाची साक्ष

वकिली पेशाने आम्हांस एक खोड जडली आहे. कोणी काही ठामपणे सांगितले, की त्या साक्षीस दुसरीकडून दुजोरा आहे काय, हे आम्ही आधी पाहतो. समुद्राच्या रंगासही आम्ही त्यातून वगळलेले नाही.

समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे मत लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने मांडले होते. १९२१ साली विलायतेच्या प्रवासात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आगबोटीवरूनच त्याची उलटतपासणी केली. निकोल प्रिझमने त्यांनी लाटांवरून परतणारा प्रकाश वगळला. निळाई गेली नाही, उलट खुलली. ती पाण्याची स्वतःची होती.

किनाऱ्याजवळ मात्र एवढ्याने निवाडा होत नाही. आषाढात आमची मांडवी जांभ्या मातीने तांबडी होऊन समुद्रास मिळते. अशा पाण्यात तिघे साक्षीदार एकदम बोलतात : गाळ, हरितद्रव्य बाळगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती आणि कुजल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळसर अर्क. वनस्पती निळा प्रकाश शोषतात. तो अर्कही निळाच शोषतो. १९९९ च्या ओशनसॅट-१ पासून २०२२ च्या ओशनसॅट-३ पर्यंत आपले उपग्रह मुख्यत्वे निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या प्रमाणावरून हरितद्रव्य अजमावीत आले आहेत. भर समुद्रात हा हिशेब बहुधा जुळतो. नदीमुखाशी तो अर्कालाच वनस्पती समजण्याचा संभव असतो. शिवाय उपग्रहास मिळणाऱ्या प्रकाशाचा सुमारे नऊ दशांश वाटा हवेचाच असतो, आणि पावसाळी ढगांतून या यंत्रास काहीच दिसत नाही.

म्हणून ही साक्ष टाकाऊ ठरत नाही. हैदराबादची इन्कॉइस संस्था समुद्राचा रंग व तापमान ताडून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, हे मच्छीमारांस कळविते. त्याने त्यांचे डिझेल आणि श्रम वाचतात. परंतु खाडीविषयी निकाल देण्यापूर्वी कोणीतरी होडीतून जाऊन पाण्याचा नमुना आणलाच पाहिजे.

हा नियम आपल्या घाटांस आणि देवळांच्या तळ्यांसही लागू आहे. तांबडे पाणी पाहून आपण नाक मुरडतो, निवळ पाणी ओंजळीत घेऊन निःशंकपणे आचमन करतो. वस्तुतः तांबडेपणा हा पुष्कळदा केवळ मातीचा असतो, आणि मैल्यातील रोगजंतू पाण्याला रंग देत नाहीत. देवस्थानच्या समितीने वर्षातून दोनदा तरी पाणी तपासून घ्यावे, आणि अहवाल सभामंडपात लावावा. श्रद्धेस त्याने बाध येत नाही. तीर्थ घेणाऱ्या लेकरांचे मात्र रक्षण होते.