अडलेलं सभागृह आणि ओले कागद

२९ ऑक्टोबर २०१९. भाऊबीजेचा दिवस. मुंबईत भाजप आणि शिवसेनेची बैठक व्हायची होती, ती रद्द झाली. अडीच-अडीच वर्षं मुख्यमंत्रिपद द्यायचं असं काही ठरलंच नव्हतं, असं देवेंद्र फडणवीस म्हणाले आणि सेना बिथरली. त्याच दिवशी लंडनमध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने ४३८ विरुद्ध २० मतांनी ठरवलं की १२ डिसेंबरला सार्वत्रिक निवडणूक घ्यायची. इकडे निवडणूक होऊन सरकार बनेना, तिकडे सरकार असून कारभार होईना म्हणून निवडणूक. आणि आमच्या तासगाव-मिरज पट्ट्यात फळछाटणी झालेल्या द्राक्षबागांवर अवकाळी पाऊस पडत होता.

मी साताऱ्याचा, आजोळ सांगलीचं. मामू बागवान, पिढीजात फळांचे व्यापारी. ब्रेक्झिट हा शब्द मी पहिल्यांदा गांभीर्याने ऐकला तो त्यांच्या तोंडून. इथली निर्यातीची द्राक्षं मुख्यतः नेदरलँड्स आणि ब्रिटनला जातात. औषधांच्या अंशाची तपासणी तेव्हा युरोपच्या नियमांनी व्हायची. ब्रिटन युरोपातून बाहेर पडला तर नियम तेच राहतील की बदलतील, एवढीच मामूंना काळजी. "तुझे वो लंडनवाले कब तय करेंगे?" असं ते मला दर महिन्याला विचारायचे, जणू माझ्या घरचंच लग्न अडलंय.

अडलं होतं ते असं. २०१६ च्या जनमतात जवळपास ५२ टक्के लोकांनी 'बाहेर पडा' म्हटलं. पण कसं बाहेर पडायचं, हे मतपत्रिकेवर नव्हतं. थेरेसा मे यांनी २०१७ मध्ये बळ वाढवायला निवडणूक घेतली आणि असलेलं बहुमतही घालवून बसल्या. उत्तर आयर्लंडच्या छोट्याशा पक्षाच्या दहा खासदारांवर सरकार तरलं. आणि नेमकं त्याच उत्तर आयर्लंडच्या सीमेवर सगळं घोडं पेंड खायला लागलं. ही सीमा काय प्रकरण आहे ते मिरजेच्या माणसाला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. म्हैसाळ ओलांडून कागवाडला जाताना आपण कर्नाटकात कधी शिरलो हे पाटी वाचली तरच कळतं. सोयरीक तिकडे, बाजार इकडे. उद्या तिथे दोन देशांचा नाका बसवून प्रत्येक ट्रक उघडून बघायला लागले तर काय होईल? आयर्लंडमध्ये तर अशा नाक्यांना तीस वर्षांच्या रक्तपाताची आठवण चिकटलेली. १९९८ च्या करारानंतर ते नाके गेले होते.

मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ ने पडला. मार्चमध्ये पुन्हा दोनदा पडला. मग खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मांडून त्यांवर मतदान केलं, आठही पडले. पाच दिवसांनी त्यातल्या चारांवर पुन्हा मतदान, तेही पडले. हे ऐकून आमच्याकडचा एक जण म्हणाला होता, ही तर सोसायटीची वार्षिक सभा झाली. हसण्यावारी नेलं आम्ही. पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली. ते जे काही करत होते ते उजेडात करत होते. कोण कुठल्या बाजूला गेला, याची नावानिशी नोंद होत होती. बोरिस जॉन्सन भाषण करत असताना त्यांच्याच पक्षाचा फिलिप ली उठला आणि सगळ्यांदेखत समोरच्या बाकावर जाऊन बसला. त्याच रात्री जॉन्सननी बंड केलेल्या २१ जणांना काढून टाकलं, त्यात चर्चिलचा नातूही होता. आमच्याकडे पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे. त्यांच्याकडे असा कायदाच नाही. तरी आमदार हॉटेलात कोंडायची वेळ आपल्यावरच येते.

आता आपल्याकडचं. सातारा-सांगलीला राजकीय डावपेच नवे नाहीत, इथे तर ते दुधाबरोबर पाजतात. इथल्या माणसांनी १९४३ ते ४६ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालवलं. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा साताराच. पुढे १९७८ ला सांगलीच्या वसंतदादांचं सरकार शरद पवारांनी पाडलं. सांगलीत आजही दोन म्हातारे भेटले की तो खंजीर निघतो.

२०१९ च्या लोकसभेला सांगलीत काँग्रेसने काय केलं? दादांच्या घरची जागा मित्रपक्ष स्वाभिमानीला दिली आणि दादांचे नातू विशाल पाटील स्वाभिमानीकडून उभे राहिले. वंचित बहुजन आघाडीतर्फे गोपीचंद पडळकरांनी सुमारे तीन लाख मतं घेतली. भाजपचे संजयकाका पाटील निवडून आले. त्या तीन लाखांत आमच्या मोहल्ल्यांतलीही मतं होती. लोकांनी मनापासून दिली होती, कारण कुणीतरी पहिल्यांदाच 'तुम्ही वंचित आहात' असं तोंडावर म्हणालं होतं. विधानसभेपर्यंत वंचित आणि एमआयएम वेगळे झाले आणि पडळकर भाजपमध्ये जाऊन बारामतीत अजित पवारांविरुद्ध उभे राहिले. तिथे अनामत गेली. ज्यांनी मतं दिली होती त्यांना कुणी विचारलं नाही की बाबांनो, आता आम्ही तुमची मतं कुठे ठेवू?

साताऱ्यात उदयनराजे मे महिन्यात राष्ट्रवादीचे खासदार झाले आणि सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपवासी. पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच लागली. १८ ऑक्टोबरची पवारांची पावसातली सभा सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं ते भर पावसात म्हणाले. श्रीनिवास पाटील सत्त्याऐंशी हजारांवर मतांनी निवडून आले. गादीला मान आणि मत वेगळं, हा हिशेब सातारकरांनी चोख केला. मला गंमत वाटते ती याची, की दोन महिन्यांनी ब्रिटनमध्येही तसंच झालं. पक्ष सोडून लिबरल डेमोक्रॅटमध्ये गेलेल्यांपैकी एकही खासदार निवडून आला नाही. कारणं अर्थात वेगळी. तिकडे काहींनी तत्त्वासाठी पक्ष सोडला होता, आणि मतदाराने तत्त्ववाला आणि संधीवाला असा फरक केला नाही.

२४ ऑक्टोबरचा निकाल सगळ्यांना पाठ आहे: भाजप १०५, सेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. हवे होते १४५. पुढचा महिना बेरजा-वजाबाक्यांत गेला. आमच्याकडे त्या काळात काय होतं? ऑगस्टमध्ये कृष्णेने आयर्विन पुलापाशी ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी ४५. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. त्या पुराचे पंचनामे पुरते निस्तरले नव्हते तोवर अवकाळीने बागा धरल्या. फुलोऱ्यातल्या घडांची कूज, दावण्या, दिवसाआड फवारणी. आणि मदत जाहीर करायला मंत्रीच नाहीत. शेवटी राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना १८ हजार जाहीर केले, दोन हेक्टरच्या मर्यादेत. द्राक्षबागेचा एका हेक्टरचा खर्च ज्याला माहीत आहे त्याने हसावं की रडावं.

९ नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपली. त्याच दिवशी अयोध्येचा निकाल आला. दुसऱ्या दिवशी ईद-ए-मिलाद. म्हणजे ज्या दिवशी आम्हाला सरकार नावाच्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज वाटावी, त्या दिवशी राज्यात काळजीवाहू कारभार. मोहल्ल्यातले बुजुर्ग मुलांना मोबाईलवर काही टाकू नका म्हणून दम देत फिरत होते, पोलीसही नीट वागले. दिवस शांततेत गेला. मिरजेने २००९ ची दंगल पाहिलेली आहे. गणपतीच्या कमानीवरून सुरू झालेली आणि विधानसभेच्या तोंडावर आलेली. तेव्हा निवडणुकीआधीचे डाव म्हणजे काय, हे मिरजेच्या मुसलमानाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

२३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली, तीही मंत्रिमंडळाच्या बैठकीशिवाय. आठच्या सुमारास शपथविधी. मग रविवारी सर्वोच्च न्यायालय बसलं. बरोबर दोन महिने आधी, २४ सप्टेंबरला, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने अकरा विरुद्ध शून्य असा निकाल दिला होता की जॉन्सननी संसद स्थगित केली ती बेकायदा. आपल्या न्यायालयाने २६ नोव्हेंबरला सांगितलं: उद्या पाचपर्यंत बहुमत दाखवा, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा. म्हणजे उजेडात करा. फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ३० तारखेला उद्धव ठाकऱ्यांच्या बाजूने १६९ मतं पडली. किमान समान कार्यक्रमात धर्मनिरपेक्षतेचा शब्द आला. आमच्याकडे काहींनी पेढे वाटले. मी खाल्ला एक, पण सेनेचं सरकार आल्याचा पेढा आपण खातोय हे घशातून उतरायला वेळ लागला.

मग आला डिसेंबर. १२ तारखेला ब्रिटनमध्ये मतदान झालं. 'ब्रेक्झिट उरका एकदाचं' एवढ्या तीन-चार शब्दांवर जॉन्सन ३६५ जागा घेऊन आले. साडेतीन वर्षं वाद ऐकून लोक इतके कंटाळले होते की काय उरकतंय हे विचारायचं त्राण उरलं नव्हतं. त्याच १२ डिसेंबरला आपल्या राष्ट्रपतींनी नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर सही केली. लोकसभेत ३११ विरुद्ध ८०, राज्यसभेत १२५ विरुद्ध १०५. सेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं आणि राज्यसभेत सभात्याग केला. तीन दिवसांत दोन्ही सभागृहं आटोपली. कुठे काही अडलं नाही.

अडलेली संसद वाईट, असं नागरिकशास्त्रात शिकवतात. मला त्या आठवड्यात पहिल्यांदा हेवा वाटला अडलेल्या संसदेचा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या तीसेक लाख युरोपीय लोकांना त्या अडकाठीमुळे वेळ मिळाला. अर्ज करा, राहण्याचा दर्जा मिळवा, अशी योजना त्यांच्यासाठी निघाली. तीही काही दयाळू नव्हती. हातात कागद देतच नाहीत, सगळी नोंद संगणकावर. आणि कागद मागणाऱ्या सरकारचा अनुभव तिथल्या विंडरश पिढीला विचारावा. कॅरिबियन बेटांवरून १९४८ पासून बोलावून नेलेली माणसं. त्यांच्या आगमनाची कार्डं गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली आणि नंतर त्यांनाच विचारलं, तुम्ही इथले कशावरून? किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर घालवलं. २०१८ मध्ये गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. आसामची यादी तर आपल्याच देशातली, ३१ ऑगस्टची. १९ लाख नावं बाहेर.

मामूंचं घर नदीच्या अंगाला. ऑगस्टमध्ये तळमजला पूर्ण पाण्यात होता. पाणी उतरल्यावर मी गेलो तेव्हा मामीने गच्चीवर दोरी बांधून कागद वाळत घातले होते: शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, खरेदीखत, निकाहनामा. कपड्याचे चिमटे लावून. शाई पसरलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. "कागद भीगे तो भीगे, आदमी तो सूखेच है ना," मामू तेव्हा म्हणाले होते. डिसेंबरात तोच माणूस रात्री झोपेनासा झाला. २४ डिसेंबरला केंद्राने लोकसंख्या नोंदवहीला मंजुरी दिली, तिच्यात आईवडिलांचं जन्मस्थळ विचारणार असं कळलं, आणि मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या. त्या महिन्यात झेरॉक्सच्या दुकानात जी गर्दी मी पाहिली ती दहावीच्या निकालालाही नसते. आणि आमची नावं! मुलाणी कुठे मुल्ला झालेला, शेखचा शेक, दस्तगीरचा दस्तगिर. मास्तरांनी ऐकू आलं तसं लिहिलं. तेव्हा कुणाला वाटलं होतं की एका वेलांटीवर माणूस तोलला जाईल?

नानीचा जन्म तासगावकडच्या एका खेड्यातला. मामू आणि मी कोतवाल बुकाचा उतारा काढायला गेलो. एका कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा वही सापडेना, दुसऱ्यांदा साहेब नव्हते. तिसऱ्यांदा एका कारकून बाईंनी स्वतःहून पदर खोचून कपाट उपसलं. मोडीतली पानं संपून बाळबोध सुरू होतं त्याच्या थोडं पुढे नोंद सापडली. नानीच्या वडिलांचं नाव, जात बागवान, तारीख, आणि पुढे 'मुलगी'. नाव नाही. तेव्हा नोंद जन्मल्याबरोबर व्हायची, नाव नंतर ठेवलं जायचं. "सगळ्यांचंच असं असतं हो, आमच्या आजीचंही असंच आहे," बाई म्हणाल्या. मामूंनी विचारलं, "ताई, पण तुमच्या आजीचं कुणी विचारणार आहे का?" बाई काही बोलल्या नाहीत. शिक्का मारला आणि उतारा दिला.

मामूंनी त्याच्या पाच प्रती काढल्या, मूळ उतारा लॅमिनेट करून माळ्यावर ठेवला. पुराच्या रेषेच्या वर. त्यानंतर फोनवर विचारलं तर म्हणाले, ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडतंय, पण वर्षअखेरपर्यंत नियम जुनेच राहणार असं निर्यातदार सांगतोय, तेव्हा यंदाचा माल जाईल. बागा निम्म्या गेल्या होत्या, पण उरलेल्यांना दर बरा होता.