एकाच बुटाची झीज

जोडीने जन्माला येऊन जोडीने म्हातारे न होणाऱ्या वस्तूंत मोटारसायकलस्वाराच्या बुटांची गणना करावी लागेल. एक बूट तुकतुकीत, तर दुसऱ्याच्या चवड्यावर पांढुरका, खरबरीत डाग. गिअर बदलण्यासाठी पंजा दांड्याखाली घालून वर उचलावा लागतो आणि दर वेळी तेवढेच कातडे घासले जाते.

राज्य शासनाच्या सेवेतील आमची उमेदीची वर्षे इंदूर, सांवेर, देपालपूर या टापूत मोटारसायकलवर गेली. त्या काळी कचेरीच्या व्हरांड्यात बुटांवरून वाहन ओळखता येई. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी, म्हणून बुलेटवाल्याचा उजवा बूट झिजलेला, येझदीवाल्याचा डावा. येझदीचा किक मारण्याचा दांडाच गिअरचेही काम करी. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. तिचे गिअर पुढे चवड्याने व मागे टाचेने दाबण्याचे असल्यामुळे बुटाचा माथा या जाचातून सुटला.

वाचकांना हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु तांब्याची घंगाळी आणि आजीच्या पैठण्या पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या आपल्या घरांत चांगले बूट ही देखील जपण्याचीच वस्तू होती. म्हणून कित्येक सहकारी बूट पिशवीत ठेवीत, चपला घालून गाडी चालवीत आणि कचेरीच्या पायरीवर बूट चढवीत. आमच्या हाताखालील एका तरुण कर्मचाऱ्यानेही नवे बूट असेच जपले. मालव्याच्या काळ्या मातीचा पावसाळी चिखल, कालव्याकाठचा कच्चा रस्ता. गाडी घसरली आणि डावा पाय खाली सापडला. अंगठा व शेजारचे बोट चिरडले. पिशवीतील बुटांवर ओरखडाही नव्हता. पुढे त्याच्या डाव्या पायात तो बूट कधी नीट बसला नाही.

तेव्हापासून बूट जपण्याच्या प्रश्नाकडे आम्ही वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. बूट पायात ठेवूनच जपला पाहिजे. आमच्या मोच्याने झिजेचे कारण नेमके सांगितले होते: कातडे जोराने झिजत नाही, धुळीने झिजते. दांडा आणि बूट यांच्यामध्ये अडकलेली रेती काचकागदासारखी काम करते. म्हणून पहिला उपाय दोन्ही जागा फडक्याने पुसण्याचा. दुसरा, दांड्याच्या टोकावरील रबर पाहण्याचा. ते गळून पडले असेल, तर उघडे लोखंड कातड्याला कापते. नवे रबर स्वस्त मिळते. तोवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घट्ट चढवावा. तिसरा उपाय दांड्याच्या उंचीचा. दांडा फार खाली असेल, तर पंजा कोंबावा लागतो. बहुतेक गाड्यांत तो दातेरी दांडीवर बसवलेला असतो. बोल्ट काढून एक दाता वर सरकवला, तरी पुष्कळ फरक पडतो. गिअर पडल्यावर पंजा दांड्याखाली ठेवून देण्याची सवयही सोडावी.

याउपर झीज होणारच. तिच्यासाठी मोच्याकडून चवड्यावर पातळ कातड्याचे ठिगळ लावून घ्यावे. कडा तासून घेतलेल्या असाव्यात, नाही तर त्या दांड्यात अडकतात. जाडी बेताची असावी, नाही तर पंजा दांड्याखाली शिरत नाही. झिजले की ठिगळ बदलावे, मूळ कातडे शाबूत राहते. इलास्टिकने बांधायची रबरी आवरणेही आता मिळतात. ती मात्र सैल नसावीत. पावसाळ्यापूर्वी मेणाचे पॉलिश द्यावे आणि भिजलेला बूट चुलीजवळ न वाळवता सावलीत वाळवावा.

आमचा भाचा हल्ली रोज पन्नास किलोमीटर मोटारसायकलने जातो. नवे बूट खराब होतील म्हणून तोही चपला घालू लागला होता. आम्ही त्याचा डावा बूट मोच्याकडे नेऊन ठिगळ लावून आणला. ते दिसते, अशी त्याची तक्रार आहे. ते दिसो बापडे. तो आता बूट घालून घराबाहेर पडतो, एवढे आम्हांस पुरे आहे.