मिदी कालव्याच्या वृक्षराजीस

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरातून निघून भूमध्य समुद्राला जाऊन मिळणाऱ्या मिदी कालव्याच्या काठची थोर वृक्षराजी आता इतिहासजमा होत आहे. 2006 साली कार्कासोनजवळच्या व्हिल्दुबेर या गावी तिच्यातले पहिले झाड आजारी असल्याचे लक्षात आले. तेव्हापासून 240 किलोमीटरच्या काठावरच्या सुमारे 42 हजार प्लातान वृक्षांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक तोडावे लागले. जे उभे आहेत, त्यांच्यावर दर उन्हाळ्यात तपासणी करणाऱ्यांची नजर फिरते आणि दर वर्षी त्यांतले काही कमी होतात. जे गेले त्यांचे वय दीडशे ते पावणेदोनशे वर्षांचे होते.

प्लातान हा काश्मीरच्या चिनाराच्या घराण्यातला वृक्ष. युरोपातल्या रस्त्यांवर आणि नद्यांकाठी दिसणाऱ्या या संकरित जातीच्या जन्मदात्यांपैकी एक खुद्द चिनार, तर दुसरा अमेरिकेतला त्याचा भाऊबंद. पंज्यासारखे रुंद पान दोघांचेही. अंगावरची साल पापुद्र्यांनी सुटते आणि खाली राखाडी, हिरवट, सायीच्या रंगाचे ठिपके दिसू लागतात. खोड सरळ आणि उंच वाढते. दोन्ही काठांवरच्या फांद्या वर जाऊन एकमेकींना भेटल्या, की पाण्यावर सलग छत तयार होई. भर जुलैमध्येही त्याखाली ऊन फक्त कवडशांनी उतरे. या छताखालून सायकलीने जाणाऱ्या माणसांच्या कृतज्ञतेपोटी हा लेख लिहीत आहे.

कालवा या वृक्षांहून पुष्कळ थोरला. बेझिये शहरात जन्मलेल्या पिएर-पॉल रिके या मीठकर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याने तो उभारण्याचा ध्यास घेतला. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या पाठिंब्याने 1666 साली राजाज्ञा निघाली. खरी अडचण खोदकामाची नव्हती, पाण्याची होती. अटलांटिक आणि भूमध्य या दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या पाण्याचा दुभाजक नोरूझ येथे समुद्रसपाटीपासून 189 मीटर उंचीवर आहे, आणि तिथे बारमाही पाणी आणायचे होते. मोंतान्य न्वार या डोंगररांगेतले ओढे अडवून, साँ-फेरेओलचा प्रचंड तलाव बांधून, पाटांतून ते पाणी नोरूझला आणले गेले. ऐन भरात बारा हजार मजूर कामावर होते. त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. पिरेनीज पर्वताकडच्या या बायकांना डोंगरातले पाणी कसे वळवावे हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने ठाऊक होते. चंद्रा मुखर्जी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या ग्रंथात त्यांच्या कामाची सविस्तर नोंद घेतली आहे, आणि ती वाचल्यावर कालव्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. रिके 1 ऑक्टोबर 1680 रोजी वारला. पुढच्या मे महिन्यात कालवा खुला झाला. पूर्ण झालेल्या आपल्या कालव्यातून नौका गेलेली त्याने पाहिली नाही.

त्या काळी काठावर प्लातान नव्हते. आधी काठ धरून ठेवण्यासाठी निरनिराळी झाडे लावली गेली. अठराव्या शतकात रेशमाच्या धंद्यासाठी तुती आली, मग लाकडासाठी पॉपलर आले. 1787 च्या मे महिन्यात थॉमस जेफरसन या कालव्यातून नौकेने गेला, तेव्हा दोन्ही काठांवर गाणाऱ्या नाइटिंगेल पक्ष्यांविषयी त्याने आपल्या मुलीला कौतुकाने लिहिले. प्लातानांची मोठी लागवड सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात, 1830 नंतर. हे झाड पाण्याशेजारी रमते, झपाट्याने वाढते, छाटणी सोसते आणि दीर्घायुषी असते. कालव्याच्या चाकरीला त्याच्याहून योग्य कोणी मिळाले नसते.

रिकेचे नाव पुतळ्यांवर आहे, नोरूझच्या स्तंभावर आहे. प्लातान लावणाऱ्यांची नावे कुठेही कोरलेली नाहीत. रोपे ठरावीक अंतरावर, कोसच्या कोस ओळ न चुकवता लावत जाणारी ती माणसे कालव्याच्या नोकरीत होती. ज्या सावलीसाठी ती राबत होती, ती आपल्या हयातीत पूर्ण धरणार नाही हे त्यांना पुरते माहीत असणार. माझ्या मते या कालव्याची थोरवी रिकेच्या बांधकामात जितकी आहे, तितकीच या निनावी हातांत आहे.

या वृक्षांची सेवा गाजावाजा न करता चाले. मुळे थेट पाण्यापर्यंत उतरून मातीचा काठ बांधून ठेवत, म्हणून लाटांच्या माऱ्याने तो ढासळत नसे. सावलीमुळे उन्हाळ्यात पाण्याची वाफ कमी होई, आणि डोंगरातून एवढ्या कष्टाने आणलेल्या पाण्याच्या बाबतीत ही काही लहान गोष्ट नव्हती. काठावरच्या वाटेने दोर ओढत चालणारे घोडे आणि त्यांच्याबरोबरची माणसे याच सावलीतून जात. 1857 मध्ये बोर्दो ते सेत रेल्वे पूर्ण झाली आणि पुढच्या वर्षी कालवाही त्याच रेल्वे कंपनीकडे भाड्याने गेला. प्रवासी नौका थांबल्या. विसाव्या शतकात घोड्यांची जागा इंजिनांनी घेतली, आणि 1970 च्या दशकाच्या अखेरीस मालवाहतूकही जवळजवळ संपली. दारू, धान्य, मीठ वाहणारा कालवा रिकामा झाला. वृक्ष मात्र वाढत राहिले.

मग त्या घोड्यांच्या वाटेवर सायकली आल्या.

घोड्याला सोसेल एवढाच चढ या वाटेला होता, म्हणजे जवळपास नाहीच. जिथे पाणी पायरी चढते त्या लॉकपाशी, म्हणजे नौका वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कुंडापाशी, तेवढी ती उंच होते. मोटारीला तिथे प्रवेश नाही. तुलूझहून निघाले की पहिले सुमारे पन्नास किलोमीटर डांबरी वाट आहे. पुढे औद प्रांतात शिरल्यावर पुष्कळ अंतर मातीचीच वाट लागते, आणि तिथे प्लातानांची मुळे जमिनीतून वर आलेली असतात. त्यांवरून जाताना सायकल थडथडते, हात दुखतात, वेग आपोआप कमी होतो. मला ते कधी वाईट वाटले नाही. अशा वाटेवर घाईने जाणेच चुकीचे.

तिथला सायकलचा प्रवास म्हणजे तीनशे वर्षांच्या स्थापत्याच्या कडेकडेने जाणे आहे. सरळ भिंतींचे पहिले लॉक मातीच्या दाबाने कोसळले, म्हणून रिकेने भिंती फुगीर केल्या. त्यामुळे इथले लॉक लंबगोल आहेत आणि त्यांत पाणी चढताना एखाद्या दगडी परातीसारखे भरत जाते. कास्तेलनोदारीचा विस्तीर्ण जलाशय मागे पडतो. कार्कासोनला तटबंदीचे जुने शहर दूर टेकडीवर दिसते. कालवा आधी या शहराला वळसा घालून जाई, 1810 साली तो शहरातून वळवला गेला. पुढे त्रेब, ओम्प, ल सोमाय. आर्जाँपासून फोंसेरानपर्यंतच्या 54 किलोमीटरमध्ये एकही लॉक नाही. पाणी डोंगरउताराशी समांतर नागमोडी वळत जाते, वाटही त्याच्यासोबत वळते, आणि बाजूला द्राक्षांचे मळे पसरलेले. प्लातान दाट होते तेव्हा त्या वळणांवर पुढचे काही दिसत नसे. वळण घेतले की पुढचे सावलीचे दालन उघडे.

आंसेरूनच्या टेकडीपाशी तर इतिहास एकावर एक रचलेला आहे. टेकडीवर रोमनांच्याही आधीच्या वस्तीचे अवशेष आहेत. तिच्या पायथ्याशी मध्ययुगात कोरडे केलेले मोंतादीचे तळे आहे. त्याची शेते मध्यबिंदूपासून किरणांसारखी फाकलेली दिसतात. त्या तळ्याचे पाणी बाहेर काढणारा तेराव्या शतकातला बोगदा, 1679 मध्ये खोदलेला कालव्याचा मालपा बोगदा आणि नंतरचा रेल्वेचा बोगदा, हे तिन्ही त्या एकाच टेकडीच्या पोटातून गेले आहेत. तिथून थोड्याच अंतरावर फोंसेरानची पाण्याची पायरी आहे. एकाला एक लागून असलेल्या कुंडांतून नौका साडेएकवीस मीटर खाली उतरतात. 1996 साली युनेस्कोने कालव्याला जागतिक वारसा मानले तेव्हा बांधकामाबरोबरच काठच्या वृक्षराजीमुळे आलेले सौंदर्यही विचारात होते.

या वृक्षराजीचा अंत ज्या आजाराने होत आहे, तो एका बुरशीचा आहे. मूळची ती अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस दक्षिण युरोप मुक्त करायला आलेल्या सैन्याबरोबर दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या आल्या, आणि त्यांच्या लाकडातून ती आली असे मानले जाते. त्या पेट्या उतरवणाऱ्यांना हे कसे कळावे? त्यांनी आणले ते स्वातंत्र्यच होते. बुरशी प्रोव्हान्समध्ये कित्येक वर्षे राहिली आणि पुढे कालव्यापर्यंत पोहोचली.

झाडाच्या सालीला कुठेही जखम झाली, की ती आत शिरते. पाणी वाहून नेणाऱ्या नलिका ती बंद करते. पाने विरळ होतात, पिवळी पडतात, सालीखाली गडद डाग पसरतात. दोन ते पाच वर्षांत झाड जाते. उपाय सापडलेला नाही. पाण्यातून बुरशी खाली वाहत जाते. मुळांना घासणाऱ्या नौकांमुळे, खोडाला गुंडाळलेल्या दोरांमुळे, निर्जंतुक न केलेल्या अवजारांमुळे ती पसरते. आणि शेजारी वाढलेल्या प्लातानांची मुळे जमिनीखाली एकमेकांत जुळून एकजीव होतात. दीडशे वर्षे ती एकमेकांना धरून काठ सांभाळत आली, आणि त्याच जोडाने आजार एकाकडून दुसऱ्याकडे गेला. हे वाचताना मला फार गलबलून आले होते.

फ्रान्सच्या जलमार्ग संस्थेच्या माणसांवर अतिशय जड काम येऊन पडले. एक झाड आजारी निघाले की आसपासची धडधाकट दिसणारी झाडेही पाडावी लागतात. लाकूड शक्य तिथे जागेवरच जाळायचे, करवती आणि यंत्रे प्रत्येक वेळी निर्जंतुक करायची, नौका आणि वाट काही दिवस बंद ठेवायची. ज्यांचे आयुष्य हे वृक्ष जपण्यात गेले त्यांनाच ते तोडायला उभे राहावे लागले. सगळ्या कामाचा खर्च सुमारे 20 कोटी युरोंच्या घरात सांगितला गेला. घरातल्या वडिलांची शेवटची शुश्रूषा जशी मान खाली घालून करतात, तशी ती त्यांनी केली.

आता नवी लागवड सुरू आहे. पुन्हा एकाच जातीवर विसंबायचे नाही असे ठरले आहे. मुख्य जागा तुर्की ओकला दिली आहे, आणि त्याच्या जोडीला पांढरा पॉपलर, लिंडन, मेपल, छत्रीसारखा पाइन अशी निरनिराळी झाडे येत आहेत. बुरशीला तोंड देणारा प्लातानचा एक नवा वाणही फ्रेंच संशोधकांनी घडवला आहे. अमेरिकी प्लातानमध्ये या आजाराशी झुंजण्याची ताकद सापडली आणि संकर करून ती या वाणात उतरवली गेली. आजार जिथून आला तिथूनच त्यावरचा आधारही मिळाला, याचे मला मोठे समाधान आहे.

त्या वाटेने जाणाऱ्यांना काही सांगावेसे वाटते. जुन्या छायाचित्रांतली सावली आता बऱ्याच टप्प्यांवर मिळणार नाही, म्हणून एप्रिल-मे किंवा सप्टेंबरमध्ये जा आणि पाणी बरोबर ठेवा. काम चालू असेल तिथे फलक सांगेल तसा वळसा घ्या. उभ्या असलेल्या प्लातानच्या खोडावर खिळा, चाकू चालवू नका. नौकेने गेलात तर दोर फक्त काठावरच्या खुंटाला बांधा. पुनर्लागवडीसाठी सर्वसामान्यांकडूनही देणगी घेतली जाते. या वृक्षांच्या सावलीतून ज्याने एकदा तरी सायकल चालवली असेल, त्याने एका रोपापुरती तरी ती द्यावी.