चित्र नको, फक्त गाणी

आमच्या सोसायटीतल्या बायकांनी यंदा श्रावणात मंगळागौरीचे खेळ बसवायचे ठरवले आणि गाण्यांचं काम माझ्याकडे आलं. ह्यांच्या आत्यांना या खेळांची जेवढी गाणी येतात तेवढी माझ्या माहितीत कुणालाच येत नाहीत. २००४ साली माझ्या नणंदेच्या पहिल्या मंगळागौरीला त्या पहाटेपर्यंत गायल्या होत्या. त्याची सीडी आमच्या कपाटात आहे, असं मी कधीतरी बोलून गेले होते, ते सगळ्यांनी पक्कं लक्षात ठेवलं. ‘तू नुसता ऑडिओ काढून ग्रुपवर टाक.’ पोळ्या लाटताना, चालायला जाताना कानात गाणी हवीत, चित्र कशाला? मलाही ते पटलं. ऑडिओ काढायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

सीडी सापडली. तिच्यावर मार्करने नाव आणि तारीख लिहिलेली होती. आता लॅपटॉपला सीडी घालायची खाचच नसते, म्हणून शेजाऱ्यांकडून यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह आणला. आत बरेच फोल्डर. त्यांतल्या ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये एकच मोठी फाईल, शेवटी ‘डॅट’. गाणं नाही, सिनेमा नाही, डॅट! तेव्हाच्या व्हीसीडींचं, म्हणजे व्हिडिओ सीडींचं, असंच असे, हे मला माझ्या भाच्याने सांगितलं. तो पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो आणि मावशीला नाही म्हणत नाही.

फाईल लॅपटॉपवर घ्यायला गेले तर निम्म्यावर अडकली आणि मशीन कसलासा दोष दाखवू लागलं. व्हिडिओ चालवणाऱ्या व्हीएलसी सॉफ्टवेअरमध्ये तीच सीडी लावली तर मात्र मधे थोडी फरफरून पुढे चालू. हे काय गौडबंगाल? भाच्याने त्याची गोष्ट सांगितली. कॉम्प्युटरच्या साध्या सीडीत प्रत्येक तुकड्यासोबत चूक सुधारण्यासाठी जादा माहिती ठेवलेली असते. व्हीसीडीत ती जागाही चित्रासाठी वापरून टाकलेली, म्हणजे २०४८ बाइटच्या ऐवजी २३२४ बाइट कामाचा माल. चित्रात एखादा ठिपका चुकला तर डोळ्यांना फारसं जाणवत नाही, या हिशेबाने. म्हणून ओरखडा आला की व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर पुढे सरकतं, पण अक्षर न् अक्षर तंतोतंत उतरवायला निघालेलं विंडोज हट्ट धरून बसतं. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती ऐकून मी कपाटातल्या सगळ्या सीड्या नीट लावून ठेवल्या. सीडीचा नाजूक भाग आपण समजतो तो खालचा चकचकीत भाग नव्हे. माहितीचा थर वरच्या लेबलच्या अगदी खाली असतो, म्हणजे आपण जिथे नाव लिहितो तिथे. आम्ही वर्षानुवर्षं सीड्या चकचकीत बाजू जपून उपड्या ठेवत आलो होतो. ओल्या मऊ फडक्याने आतून बाहेर सरळ पुसल्यावर फाईल एकदाची उतरली.

आता ऑडिओ. शेजारच्या काकांनी उपाय सांगितला, फाईलचं शेवटचं ‘डॅट’ खोडून ‘एमपी थ्री’ लिही. त्यांनीच ते करूनही दाखवलं. व्हीएलसीमध्ये लावली तर आत्या, नणंद, पाटावरची गौर, सगळं चित्र हजर! काका फाईलकडे असे बघत राहिले जणू तिने शब्द मोडला. व्हीएलसी आडनावाला भुलत नाही, आत काय आहे ते तपासून बघतं, एवढंच झालं होतं. इंटरनेटवर फुकटात ऑडिओ काढून देणाऱ्या साइट पुष्कळ आहेत. पण तिथे आधी अख्खा व्हिडिओ चढवावा लागतो, आणि घरच्या बायकांचा रात्रभराचा धिंगाणा कुठल्या अनोळखी मशीनवर पाठवायचा, हे मला पटेना. शिवाय त्या पानांवर ‘डाउनलोड’ची इतकी बटणं की खरं कुठलं ते कळायचं नाही.

भाचा म्हणाला, ‘मावशी, एफएफएमपेग उतरव.’ फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसाने २००० साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि व्हिडिओची निम्मी दुनिया आतून त्याच्यावरच चालते, असं तो मोठ्या आदराने म्हणाला. मी झिप उतरवली, उघडली, ‘बिन’ फोल्डरमध्ये गेले, एफएफएमपेगवर दोनदा क्लिक केलं. एक काळी खिडकी लुकलुकली आणि गेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. लॅपटॉप बिघडला असं मी त्याला कळवलं. तो हसला. ‘त्याला बटणं नाहीत गं. त्याला लिहून सांगायचं असतं.’

मग फोन स्पीकरवर आणि मी कीबोर्डवर. व्हिडिओ त्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सी एम डी’ लिहून एंटर. काळी खिडकी उघडली आणि या वेळी थांबली. मग एफएफएमपेग, जागा, डॅश आय, जागा, फाईलचं नाव. नावात मोकळ्या जागा असतील तर ते अवतरण चिन्हांत. जागा, डॅश व्ही एन. हे काय? ‘व्हिडिओ नको.’ जागा, डॅश सी कोलन ए, जागा, कॉपी. शेवटी नव्या फाईलचं नाव, त्यापुढे टिंब एमपी टू. एंटर मारून मी चहा टाकायला उठणार होते. रात्रभराची गाणी, तासभर तरी लागेल. तोवर काम झालंही होतं. काही सेकंदांत.

मला ते खरं वाटेना. माझ्या डोक्यात कॅसेटचं होतं. आम्ही शाळेत असताना रेडिओवरची गाणी टेपवर घ्यायचो, तेव्हा एक तासाची गाणी घ्यायला एक तास लागायचा. इथे गाणं वाजलंच नाही तर ते उतरलं कुठून? तेव्हा भाच्याने वेणीचा दाखला दिला (त्याच्या आईची लांब वेणी आमच्या घरात प्रसिद्ध होती). व्हिडिओची फाईल म्हणजे दोन पेड एकमेकांत गुंफलेले, चित्राचा एक आणि आवाजाचा एक, आणि कुठल्या क्षणी काय वाजायचं याची वेळ दोन्हींवर टिपलेली. ‘कॉपी’ म्हटलं की एक पेड सोडवून बाजूला ठेवतात, बस. आवाज ऐकायचा नाही, बदलायचा नाही, पुन्हा दाबून कमी जागेत बसवायचा नाही, म्हणून वेळ लागत नाही आणि आवाजही जसाच्या तसा राहतो. मोठी फाईल छोटी का झाली तेही यातूनच कळलं. व्हीसीडीत तासाला सहाशे मेगाबाइटच्या वर जागा जाते, त्यातली आवाजाची साधारण शंभर.

एमपी टू माझ्या लॅपटॉपवर वाजली, पण ग्रुपमधल्या निम्म्या बायकांच्या फोनवर उघडेना. म्हणून ती एमपी थ्री करावी लागली, आणि आता खरोखर वेळ लागला, कारण आता आवाज उलगडून नव्याने दाबायचा होता. ही दोन्ही नावं एकाच मानकातली भावंडं आहेत, दुसरा थर आणि तिसरा थर. हे नव्याने दाबणं मात्र एकदाच करावं, दर वेळी थोडा आवाज सांडतो, असं भाच्याने बजावलं. काळ्या खिडकीला घाबरणाऱ्यांसाठी व्हीएलसीतही सोय आहे. मीडिया मेनूत ‘कन्व्हर्ट’ आहे, तिथे ऑडिओ एमपी थ्री निवडायचं. त्यात थेट नव्याने दाबून मिळतं, पण बटणं आहेत.

आणि मग मी ते ऐकायला बसले. व्हिडिओ मी आधी कितीदा पाहिला होता, पण चित्र गेल्यावर जे ऐकू आलं ते तेव्हा कधी ऐकलंच नव्हतं. बांगड्या. झिम्म्याच्या टाळ्या कुठे एकदम पडतात आणि कुठे मागेपुढे होतात. मधेच कुणीतरी मुलांना ‘झोपा आता’ म्हणून दटावतं. आत्या प्रत्येक नव्या खेळाला पट्टी थोडी वर नेतात, हे मला व्हिडिओ बघताना जाणवलं नव्हतं, साड्यांकडेच लक्ष.

पण पूजेचा भाग आला तर नुसती सनई, आणि पिंग्याला फोटोग्राफरने सिनेमातलं गाणं लावलेलं. त्या काळी एडिटिंगची हीच पद्धत होती, गिऱ्हाइकालाही ती आवडायची, आम्हीच तर कौतुक केलं होतं. पिंग्याच्या वेळी आत्या त्या गाण्याखालून अंधुक ऐकू येत होत्या. मी भाच्याला म्हटलं, हाही पेड सोडव. तो म्हणाला, तिथे पेड नाहीतच, दोन्ही आवाज दुकानातच एकात एक मिसळून एकच झालेत. आता गायक आणि वाद्यं वेगळी करणारी नवी सॉफ्टवेअर आहेत, त्यांतलं एक त्याने वापरून पाहिलं. ढोलकी आणि व्हायोलिन खरंच गेली. उरल्या दोन बायका, सिनेमातली गायिका आणि आमच्या आत्या, तावातावाने एकमेकींवर गात. आवाज माणसाचा की वाद्याचा, एवढंच त्या सॉफ्टवेअरला ओळखता येत होतं. आपल्या आत्या कोणत्या, हे ते काय ओळखणार?

मूळ टेप मागावी म्हणून फोटोग्राफरकडे चौकशी केली. ते दुकान कधीच बंद झालेलं. मग सरळ मार्ग घेतला, आत्यांना फोन केला. त्या कोल्हापूरला असतात. पिंगा म्हणून पाठवाल का, म्हटल्यावर आधी म्हणाल्या, आता कुठला आवाज राहिलाय. दुपारी सुनेच्या फोनवरून पिंगा आला, पूर्ण, शेवटी दम लागून हसल्याचा आवाज धरून. आला तोही व्हिडिओच. आत्या खुर्चीत बसून हातवारे करत गाताहेत आणि मागे पंखा.

या वेळी मी भाच्याला फोन केला नाही. पत्त्याच्या पट्टीत सी एम डी. डॅश आय, डॅश व्ही एन, डॅश सी कोलन ए, कॉपी. फोनवरच्या एमपी फोर फाईलमधला आवाज बहुधा एएसी प्रकारचा असतो, म्हणून शेवटी टिंब एम फोर ए. ती सगळ्यांच्या फोनवर वाजली, नव्याने दाबायची गरज पडली नाही. ग्रुपवर टाकल्यावर पहिलं उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं आलं: ‘छान. पण व्हिडिओ पण टाक ना, हातवारे बघायचेत.’