एवढ्याशा बर्फात काय होणार?

कमी बर्फ म्हणजे कमी धोका, असं तुम्हालाही वाटतं का? गेल्या डिसेंबरपर्यंत मलाही तसंच वाटायचं.

आम्ही गुलमर्गला गेलो होतो. काश्मीरमधले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, म्हणजे चिल्ले कलां, २१ डिसेंबरला सुरू होतात. त्याच्या दोनच दिवस आधीची ही गोष्ट. गोंडोलाने कोंगडोरीला उतरलो आणि बुटांखाली स्नोशू बांधले. रॅकेटसारख्या या रुंद तळव्यांमुळे पाय बर्फात फारसा रुतत नाही. समोर अफरवटचा पांढराशुभ्र उतार होता. बर्फ जेमतेम गुडघाभर, मधूनमधून दगडही डोकावत होते.

थोडं चालतो न चालतो तोच पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला. आमचे गाईड जागीच थांबले. त्यांनी फावड्याने खड्डा खणला. वरचा थर नव्या बर्फाचा, वाऱ्याने दाबून घट्ट झालेला. खालचा मात्र जाड साखरेसारखा, सुटा. मूठभर बर्फ लेकाच्या हातावर ठेवून ते म्हणाले, “इसका गोला बनाके दिखाओ.” त्याने खूप दाबून पाहिलं. तूप कमी पडलेल्या रव्यासारखा तो बोटांतून गळून गेला.

असं का होतं, तेही त्यांनी समजावलं. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा मात्र त्याहून कितीतरी थंड. बर्फ पातळ असला की एवढा फरक थोड्याशाच जाडीत सामावतो. मग तळातली वाफ वर सरकते, पुन्हा गोठते आणि एकमेकांना न चिकटणारे मोठे कण तयार होतात. त्यावर नवा बर्फ पडला की जणू साखरेवर फरशी ठेवल्यासारखं होतं. माणसाच्या वजनानेही खालचा थर खचतो. तो ‘धप्प’ आवाज त्याचाच होता.

आम्ही उभे होतो ती जागा सपाट होती. पुढचा उतार फोनवर मोजला, तर ३५ अंश. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावरच होतात.

“ऊपर नहीं जाएँगे,” गाईड म्हणाले.

खरं सांगते, मी वाद घातला. इतक्या लांबून आलोय, पैसे भरलेत, एवढ्याशा बर्फात काय होणार? ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, की बर्फाखाली गाडलेल्या माणसाला वाचवायला हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात, आणि खालून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो. मी लेकाकडे पाहिलं आणि गप्प मागे वळले.

तुम्हीही कधी बर्फात फिरायला गेलात, तर डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते आधी बघा. स्थानिक गाईड सोबत घ्या आणि तो ‘नको’ म्हणाला तर ऐका. मोकळ्या उताराखाली फोटोसाठीही रेंगाळू नका.

तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. संध्याकाळी खालून पाहिला, तेव्हा तसाच शांत, सुंदर दिसत होता. लेक म्हणाला, “आई, बघ, गेलो असतो तर चाललं असतं.”

चाललंही असतं कदाचित. पण त्याच्यासाठी गरम कहवा मागवताना, परत फिरल्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.