दासगावच्या वाटेवर सात गाड्या

२४ डिसेंबर २०२४ च्या पहाटे आम्ही सात मोटारसायकली घेऊन पनवेलहून महाडला निघालो. माणसे अकरा. कुणी सफाई खात्यात, कुणी कारखान्यात, दोघे रिक्षावाले, आणि आमच्या विहारातल्या ताई एकट्या स्वतःच्या गाडीवर. निम्म्या गाड्यांचे हप्ते अजून फिटायचे आहेत. "एस.टी.ने सरळ जा की," घरच्यांनी सांगून पाहिले. पण आम्हाला किनाऱ्याने जायचे होते, आणि त्याला कारण होते.

वडखळ सोडून अलिबागच्या रस्त्याला लागलो. धरमतरचा पूल ओलांडल्यावर काकांनी सर्वांना थांबवले आणि तरुणांना ते कारण सांगितले. १९२७ साली मुंबईहून बोटीने धरमतरला उतरून पुढे मोटारीने महाडला जाता येत असे. पण डिसेंबरच्या सत्याग्रह परिषदेला जाताना बाबासाहेबांनी ही वाट टाळली. मोटारवाले आपल्या माणसांना गाडीत घेतील याची खात्री नव्हती. म्हणून २४ डिसेंबरला ते प्रतिनिधींसह 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले. तेथून महाड पाच मैल. गाडी नाही मिळाली तरी पायी गाठता येईल! एवढा बारीक हिशेब करावा लागे. आणि आम्ही सकाळपासून कुणाची गाडी जास्त अॅव्हरेज देते यावर भांडत होतो.

काशीद, मुरूड, मग आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी. नाताळची गर्दी होती, दोन तास रांगेत गेले. रात्री म्हसळ्याजवळ नातेवाइकांकडे मुक्काम केला. तेथे झेंड्यांवरून वाद झाला. काका म्हणाले, "उद्या वाटेत पाण्याला थांबू तेव्हा निळे झेंडे गुंडाळून ठेवू." पोरे उसळली, "का म्हणून?" काकांनी तरुणपणी एका हॉटेलात नाव विचारून वेगळा ठेवलेला कप हातात घेतला होता. ते ती गोष्ट फार सांगत नाहीत. त्या रात्री सांगितली. तरीही झेंडे गाड्यांवरच राहिले, आणि ते बरेच झाले.

सकाळी माणगावकडे जाताना घोणसे घाट लागला. वळणे अशी की पुढची गाडी दिसते न दिसते तोच नाहीशी होते. आमच्यातल्या एका मुलाने पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. ही खोड आपल्यात पुष्कळांना आहे. अशा वेळी सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो आणि नेमका वळणावर लागत नाही. खडीवर गाडी घसरली. पोराचा गुडघा फुटला, आरसा गेला, फूटरेस्ट वाकला. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. ताई एवढेच म्हणाल्या, "दहा रुपयांच्या पेट्रोलसाठी आईला काय सांगणार होतास?" नंतर सगळे दुसऱ्या गिअरमध्ये उतरले.

घाटाखाली एका घरापाशी जखम धुवायला पाणी मागितले. म्हातारीने झेंडे पाहिले. "कुठशी आलाव?" विचारले आणि हंडा भरून आणला. जखम स्वतःच्या हाताने धुतली. प्यायला मात्र तांब्या हाती दिला नाही, वरून ओंजळीत ओतला. गाड्या सुरू होताच वाद पेटला. पोरे म्हणाली, हा जुनाच विटाळ. ताई म्हणाल्या, खेड्यात वाटसरूला असेच पाणी देतात. विटाळ मानणारी बाई गुडघ्याला हात लावेल का? काका काहीच बोलले नाहीत.

माणगाव, लोणेरे मागे टाकून दासगावला गाड्या ओळखीच्या अंगणात लावल्या आणि तेथून चालत निघालो. १९२७ साली प्रतिनिधी याच वाटेने मिरवणुकीने गेले होते. आता शेजारून ट्रक अंगावर येतात. लंगडणाऱ्या पोराला गाडीवर बस म्हटले तर ऐकेना. चवदार तळ्यावर पोचायला दुपारचे दोन वाजले. त्याने आधी पाणी डोळ्यांना लावले, मग पट्टी सोडून गुडघ्याला लावू लागला, तेव्हा ताईंनी त्याचा हात धरला, "जखमेला डेटॉल लाव!"

दासगावला परतताना सहाआसनी रिक्षा केल्या. चालकाने कुणाला काही विचारले नाही, फक्त भाडे दीडपट घेतले. आणि त्या म्हातारीचा वाद रिक्षात पुन्हा सुरू झाला.